भिंतीपासून सातबाऱ्यापर्यंत



वास्तुशास्त्राची पदवी हातात पडल्यावर मी ‘कमी खर्चाचं, टिकाऊ घर’ हा विषय संशोधनाला घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त बांधकामाचं साहित्य होतं. केरळात लॉरी बेकर यांनी विटांची जाळी आणि उघडी वीट वापरून खर्च कसा आटोक्यात आणला, ते वाचलं होतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं, तिथलं मातीच्या विटांचं काम माहीत होतं. मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचं, यंत्राने दाबायचं, भट्टी लावायची नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाचा घुमट पाहिला होता. एवढी शिदोरी घेऊन मी मुळशी तालुक्यात गेले.

मुळशीचा पाऊस म्हणजे गंमत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या पाऊणपट एका दिवसात! या पावसात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली ती कारवीच्या कुडाची घरं. छपराचा भार लाकडी मेढींवर, भिंतीवर नाही. पावसाळा सरला की कारवीच्या सरळ काठ्या तोडायच्या, उभ्या लावून आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. मातीत भाताचं तूस घातलं की लिंपण तडकत नाही. भिंत जेमतेम चार बोटं जाड, पण एप्रिलच्या दुपारी आत बसून पाहा. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत तेव्हा क्षणभर थांबवत नाही. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. कुडाची भिंत पडली तरी माणूस वाचतो, हे संशोधकाने विसरू नये. अर्थात या घराला उणिवाही आहेत. तळाशी ओल चढते, वाळवी लागते, दरवर्षी लिंपावं लागतं. दगडी जोतं उंच घेतलं आणि खालचा हातभर भाग दाबलेल्या मातीच्या विटांचा केला, तर यातलं बरंच टळतं.

‘सरकारी घरकुलात माती चालत नाही’ असं गावोगाव सांगितलं जातं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं आणि सपाटीवर १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच ‘पहल’ या नावाने प्रदेशाप्रदेशांच्या स्थानिक घरांचे नमुने छापले आहेत. कागदावर वाट मोकळी आहे. अडतं ते गवंड्यापाशी. मातीचं काम येणारा गवंडी म्हातारा झाला आणि तरुणाला ते कुणी शिकवलं नाही.

आणि अडतं जागेपाशी. कातकरी वस्तीवर भिंतीविषयी विचारायला जावं, तर बाया जागेविषयीच बोलायला लागतात. कातकऱ्यांसाठी २०२३ पासून पीएम-जनमन योजनेत घराला २ लाख रुपये मिळतात. पण पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर घर बांधायचं कुठे? हिंजवडीत कंपन्या आल्या, डोंगरउतारांवर बंगले आले, आणि गुंठ्याचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला. याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे मुळशी धरणाविरुद्ध उभे राहिले, तेही घर आणि जमीन जाऊ नये म्हणूनच. शंभर वर्षांनंतर आपण स्वस्त विटेवर प्रबंध लिहायचे आणि जमिनीचं नावही काढायचं नाही, हे मला पटत नाही.

म्हणून माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आता भिंतीचं नाही, जमिनीच्या नोंदींचं आहे. या विषयात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच, की मातीची चाचणी करण्याआधी पौडला मुळशीच्या तहसील कचेरीत जा. वस्तीतलं एकेक घर ज्या गटात येतं, त्याचा सातबारा शोधा. जागा गावठाणात आहे, वनखात्याची आहे की खासगी मालकाची, ते घरागणिक लिहून काढा. जागा खरेदीला साहाय्य देणारी राज्याची योजना त्या कुटुंबाला लागू होते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. हे हाती आलं की मग कारवी आणि विटा.