भंगारात न जाणारी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी मोटार शेवटी भंगारात जाते, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पत्रा वितळतो, त्याचं लोखंड पुन्हा कुठेतरी कामी येतं. एका अर्थानं तो गाडीचा पुनर्जन्मच. पण आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, तिला हा मार्ग बंद आहे. ती फायबरची आहे. फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि तिला घट्ट धरून ठेवणारं रेझिन. हे रेझिन एकदा आवळलं की पुन्हा वितळत नाही. उकडलेलं अंडं जसं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच.

गाडीचं नाव सिपानी डॉल्फिन. बंगळुरूची. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ती १९८४ साली घेतली. आक्का कागल तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. कोल्हापूरहून रोज जायची-यायची. २००८ नंतर गाडी सोसायटीच्या आवारात उभीच राहिली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिथं कमरेएवढं पाणी आलं आणि ही हलकी गाडी चक्क तरंगायला लागली. शेजारच्या मुलांनी दोरीनं नारळाच्या झाडाला बांधली म्हणून राहिली. पुढे २०२२ मध्ये इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि आवारातली बंद वाहनं हलवा, अशी नोटीस लागली.

भंगारवाले आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी वाजवली आणि मला म्हणाले, "मास्तर, इंजिन नेतो, खालची चासी नेतो. हा वरचा डबा मात्र तुमच्याकडंच ठेवा. कुणी घेत नाही हे." मी आयटीआयमध्ये वर्कशॉप शिकवायचो, म्हणून मला सगळे मास्तरच म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "मला आता गाडी नको रे. पण ती कचऱ्याच्या ढिगावर पडलेली मला बघवायची नाही." गंजत नाही, कुजत नाही आणि विकलीही जात नाही, अशा वस्तूचे दोनच शेवट असतात. ती कुठेतरी पडून राहते, नाहीतर कुणीतरी ती दुरुस्त करतं. मी गाडी माझ्या घरामागच्या शेडमध्ये आणली.

आता अशा गाड्या मुळात कुणी आणि का केल्या, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पैसा आणि पेट्रोल, दोन्हींची चणचण होती. त्या काळात तिथं छोट्या छोट्या मोटारींचं पेवच फुटलं. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं अंग फायबरचं असे. आयल ऑफ मॅन बेटावर १९६२ साली 'पील पी-५०' नावाची एकाच माणसाची गाडी निघाली. लांबी अवघी १३७ सेंटिमीटर, वजन ५९ किलो, इंजिन ४९ सी.सी.चं. रिव्हर्स गिअर नव्हताच. उतरायचं, मागच्या मुठीला धरून गाडी उचलायची आणि वळवायची! इंग्लंडात टॅमवर्थ इथं रिलायंट नावाची कंपनी होती, आपल्या रिलायन्सशी तिचा काही संबंध नाही. तिनं फायबरच्या तीनचाकी गाड्या वर्षानुवर्षं विकल्या. १९७५ साली तिनं 'किटन' ही चारचाकी काढली. वजन सव्वापाचशे किलोच्या आसपास.

आपल्याकडे १९७० च्या दशकात बंगळुरूमध्येच 'बादल' ही फायबरची तीनचाकी तयार झाली होती. १९८२ साली आली ती सिपानी डॉल्फिन, म्हणजे त्या किटनचाच भारतीय अवतार. दोन दारं, चार माणसं, ८४८ सी.सी.चं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन. हलकी असल्यानं दक्षिणेतल्या रॅलींमध्येही ती धावली.

मग फायबरच का? तर पत्र्याचं मोटारीचं अंग करायचं म्हणजे अजस्र प्रेस लागतात, त्यांच्या डाय लागतात. हा खर्च निघायचा तर गाड्याही तितक्याच मोठ्या संख्येनं विकल्या पाहिजेत. फायबरला लागतो एक साचा, ब्रश, रोलर आणि हात. थोड्या भांडवलात थोड्या गाड्या काढता येतात. पण १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीच्या चाव्या ग्राहकाच्या हाती पडल्या आणि संख्येच्या या खेळात हातानं बनणारी गाडी मागे पडली. मला मात्र यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. जी वस्तू कारखान्यातही हातानंच झाली, ती घरीसुद्धा हातानं नीट करता येते. पत्र्याच्या गाडीचं अख्खं दार मला शेडमध्ये घडवता येणार नाही. फायबरचं येईल.

कामाला सुरुवात आम्ही केली ती टिचक्या मारण्यापासून. एक रुपयाचं नाणं घ्यायचं आणि गाडीवर इंचाइंचानं वाजवत जायचं. फायबर धडधाकट असेल तर आवाज खणखणीत येतो. आतले थर एकमेकांपासून सुटले असतील तर बद्द आवाज येतो. नारळवाला नारळ पारखतो, तसाच हा प्रकार. आक्का खुर्ची टाकून बसायची. मी वाजवायचो आणि तिचे कान माझ्यापेक्षा चांगले, म्हणून बद्द आवाज आला की ती "इथं" म्हणायची. मी खडूनं खूण करायचो. दोन दिवसांत गाडीवर एकवीस खुणा झाल्या. त्यांतल्या निम्म्यांचा इतिहास तिला पाठ होता. ही कागलच्या बाजारातल्या म्हशीची, ही शाळेच्या फाटकाची, ही विज्ञान प्रदर्शनाला नेलेल्या लोखंडी स्टँडची. ही बाई रोज काय काय वाहून नेत होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

फायबरला पडणाऱ्या भेगा दोन प्रकारच्या असतात. एक फक्त वरच्या गुळगुळीत थरातली, जिला जेलकोट म्हणतात. ती केसासारखी बारीक असते, कधी चांदणीसारखी पसरते. दुसरी आरपार जाते. आरपार भेगेवर वरून लांबी भरून रंग मारला तर महिना-दोन महिन्यांत ती पुन्हा डोकं वर काढते, कारण ताकद लांबीत नसते, काचेच्या तंतूंत असते. म्हणून भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी घासून उघडायची, मागची बाजू खरवडायची आणि आतून मॅटचे दोन-तीन थर द्यायचे. मॅटच्या वजनाच्या साधारण दुप्पट रेझिन लागतं. ब्रशनं मॅट भिजवायची आणि खाचांच्या रोलरनं आतली हवा बाहेर काढायची. बुडबुडा राहिला की तिथं पुढे फोड आलाच.

हे मला कुणी शिकवलं? एका मूर्तिकारानं. गाडीच्या गॅरेजांत फायबरचं काम करणारं कुणी सापडेना. शेवटी कुंभार गल्लीत गेलो. तिथले एक कारागीर देखाव्यांसाठी फायबरच्या मूर्ती करतात. त्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, हत्तीचं पोट आणि गाडीचा मडगार्ड, काम एकच." गणपतीचे दिवस संपल्यावर ते महिनाभर दर रविवारी आले. त्यांच्याकडून मी एक गोष्ट पक्की शिकलो, ती म्हणजे हवामान बघून काम करायचं. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दोन ग्रॅम हार्डनर लागतो. एप्रिलच्या दुपारी दोन ग्रॅम घातला तर ब्रश भिजवेपर्यंत वाटीतच दगड होतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातला काम, हार्डनर कमी. पावसाळ्यात मॅट ओलावा धरते, तेव्हा कामच बंद.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला हे घरी करायचं असेल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा हवाच, आणि हाताशी स्वच्छ पाण्याची बादली हवी. रेझिन लवकर आवळावं म्हणून कोबाल्ट नावाचं जांभळट द्रव्य मिळतं, ते आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होतो. आणि घासताना पाण्याचा वापर करा, अंगभर कपडे घाला, चांगला मास्क लावा. काचेची धूळ अंगाला खाजते, ती गार पाण्यानं धुवायची. फुफ्फुसात गेलेली धूळ मात्र धुता येत नाही.

अंग असं नीट होत गेलं, पण खरी काळजी खाली होती. फायबर गंजत नाही, त्याखालची चासी मात्र लोखंडाची. वरून गाडी ठणठणीत दिसते आणि आतून पाय खचलेले असतात. दारं, काचा, सीटा काढल्या, बोल्ट सोडले आणि सहा जणांनी मिळून वरचं अंग लग्नाच्या मांडवासारखं उचलून बाजूला ठेवलं. चासीच्या पोकळ दांड्यांतून पुराचा गाळ निघाला. दोन पाट्या भरल्या! मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथं बसतात, तिथलं लोखंड स्क्रूड्रायव्हरनं भोसकलं तर आत जात होतं. तेवढा भाग कापून जाड पत्रा वेल्डिंग केला. वरचं अंग काढल्याशिवाय हे वेल्डिंग करायचं नाही, कारण रेझिन पेट घेतं.

इंजिनसाठी हेड गॅस्केट इंग्लंडहून मागवलं. रिलायंटचे सुटे भाग तिकडे अजून मिळतात. बुश मात्र आपल्या उद्यमनगरात लेथवर झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात नुसतं नळाचं पाणी घालायचं नाही. कूलंट नसेल तर धातू आतून खाल्ला जातो. हेड काढल्यावर क्रँक फिरवायची नाही, कारण यातले लायनर सुटे असतात, जागचे हलतात.

सर्वांत मजा आली ती वायरिंगला. हेडलाइट मंद, ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचा. जो तो म्हणे, बॅटरी गेली. पण बॅटरी नवी कोरी होती. पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याचा करंट गाडीच्या अंगातूनच बॅटरीकडे परत जातो. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून इथं प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते. ती एक वायर सडली की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. अकरा नव्या वायरी टाकल्या आणि गाडीला दृष्टी आली.

हे सगळं व्हायला अडीच वर्षं लागली. आता प्रश्न आला रंगाचा. मूळ रंग फिका निळा. माझं म्हणणं, एकही खूण दिसता कामा नये. आक्का म्हणाली, "शाळेच्या फाटकाची ठेव." आमचा चांगला वाद झाला. शेवटी तिचं ऐकलं. ती भेग आरपार नव्हती, वरवरची होती. तिच्यात पाणी जाणार नाही एवढं करून तशीच ठेवली.

नोंदणी २००९ नंतर राहिली होती. मागचा दंड, कर भरला, तपासणी झाली आणि पाच वर्षांसाठी नोंदणी मिळाली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. सगळ्यात पहिली डॉल्फिनसुद्धा २०३२ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तोवर या गाड्या ना नव्या, ना ऐतिहासिक. याच मधल्या काळात वस्तू सर्वांत जास्त नाहीशा होतात, कारण त्या कुणालाच जपण्यासारख्या वाटत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही गाडी आजच्या महामार्गाची नाही. आजच्या गाड्यांचा पुढचा भाग धक्का पोटात घेऊन चुरगळतो आणि माणूस वाचतो. फायबरचं अंग चुरगळत नाही, फुटतं. आक्काला एकदा तिच्या शाळेवर जायचं आहे, त्याच जुन्या वाटेनं. ती वाट आता ट्रकांची झाली आहे. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आली. आतल्या गावांतून जाणारा रस्ता शोधला होता तिनं. पंधरा किलोमीटरचा फेरा, पण वाटेत महामार्ग फक्त ओलांडावा लागतो. मुख्याध्यापिकेपुढे मास्तराचं काय चालणार? येत्या रविवारी पहाटे निघायचं ठरलं आहे. आक्काचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, त्यामुळे चालवणार मी. रस्ता ती सांगणार.

आपल्यापैकी कुणाच्या परसात, गोठ्यात अशी फायबरची जुनी गाडी उभी असेल, तर ती भंगारवाला नेत नाही म्हणून कुचकामी समजू नका. आधी एक रुपयाचं नाणं घ्या आणि वाजवून बघा. खणखणीत आवाज आला, तर अजून बरंच काही शिल्लक आहे. आणि बद्द आला, तर जवळच्या मूर्तिकाराचा पत्ता विचारा.