अपात्र ठरलेले निकेल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर. हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार केवळ जिज्ञासूचा. तथापि या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून हे धाडस.

तारेतून वाहणाऱ्या विजेला विरोध होतो, तार तापते आणि काही वीज वाटेतच वाया जाते. 1911 साली हॉलंडमधील कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा हा विरोध नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रांचे चुंबक तिच्याच बळावर चालतात. परंतु त्यांना द्रव हेलियमचा महागडा गारवा लागतो. म्हणून कमी थंडीत हा गुण दाखविणाऱ्या पदार्थांचा शोध चालू आहे. 1986 साली तांब्याच्या ऑक्साइडांनी मोठी आशा दाखविली. आवर्तसारणीत निकेल तांब्याचे सख्खे शेजारी. पण ते पडले चुंबकीय प्रवृत्तीचे, आणि चुंबकत्वाचे अतिसंवाहकतेशी सहसा वैर.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नागराजन, गुप्ता, मझुमदार प्रभृती संशोधकांना यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या एका नमुन्यात उणे 261 अंशांच्या सुमारास अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली. नमुन्याचा अत्यल्प अंशच तसा वागत होता. आम्ही ‘किरकोळ तफावत’ असा शेरा मारून फाइल बंद केली असती! त्यांनी मात्र त्या खुणेचा माग काढला. मिश्रणात कार्बन घालताच तो गुण पदार्थभर पसरला. 1994 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

निकेलच्या ऑक्साइडला मात्र 2019 पर्यंत वाट पाहावी लागली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ह्वांग व ली यांच्या गटाने एका स्फटिकावर निओडिमियम, स्ट्रॉन्शियम व निकेल यांच्या ऑक्साइडचा थर चढविला. आपल्या जयपुरी मिठाईवरील वर्खाहूनही तो पातळ. त्यातून ठरावीक ऑक्सिजन अणू रासायनिक क्रियेने काढून घेतल्यावर उणे 260 अंशांच्या आसपास तो अतिसंवाहक झाला. 2023 साली चिनी शास्त्रज्ञांना लँथॅनमयुक्त निकेल ऑक्साइडात, प्रचंड दाबाखाली, उणे 193 अंशांच्या सुमारास हाच गुण आढळला. तेथे स्वस्त द्रव नायट्रोजनचा गारवा पुरतो. पुढे याच जातीच्या पदार्थाचा पातळ थर किंचित आखूड घडणीच्या स्फटिकावर चढविला असता, खालच्या स्फटिकानेच त्याला आवळून धरले आणि बाहेरच्या दाबाविना उणे 230 अंशांपर्यंत मजल गेली.

यामुळे उद्याच जयपुरातील तारा बदलतील, असे नव्हे. आम्हांला बोचते ते निराळेच. आमच्या मेजावरही कनिष्ठांची लहानसहान टिपणे येत; आम्ही कित्येक न वाचताच मिटविली. त्यांत कोणती खूण होती, हे आता कळावे कसे? येथे बसलेल्या तरुणांनी एवढे तरी आमच्याकडून घ्यावे, की हिशेबात न बसणारी लहान गोष्ट आधी नीट पाहावी. शेरा मागाहून लिहिता येतो.