दरींतला वसंत

श्रोतेहो, वसंत म्हटला कीं हिरवळीवर उमललेल्या फुलांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र बव्हंशीं थंड देशांतलें आहे. आपल्या सह्याद्रीवर गवतांतलीं फुलें येतात तीं पावसाच्या अखेरीस. फाल्गुन-चैत्रांत भूमि करपलेली असते, आणि फुलतात तीं झाडें. ३४ वर्षें शाळेंत शिकवूनहि हा भेद मीं कधीं नीट पाहिला नव्हता.

यंदा फाल्गुनांत राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीहून मी कोंढाण्याच्या बौद्ध लेण्यांकडे उतरलों. ही वाट उल्हास नदीच्या खोल दरींत जाते. उतार असा उभा, कीं साठी उलटलेल्या माणसानें प्रत्येक पाऊल जपून टाकावें. सोबतीला माझा एक जुना विद्यार्थी होता. वर्गांत त्यानें एकदां विचारलें होतें, "गुरुजी, पळस, पांगारा आणि सांवर यांत फरक कोणता?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं मीं त्यालाच बाकावर उभें केलें.

आतां अवघड वळणावर त्यानेंच माझा हात धरला आणि म्हणाला, "गुरुजी, जरा थांबा; वर पाहा."

सांवरीच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. फूल पांच जाड पाकळ्यांचें, आणि गळतें तें सबंध. पांगाऱ्यालाहि काटे; पण त्याचीं लालभडक फुलें फांदीच्या टोकाशीं झुबक्यांनीं येतात. पळसाला काटा मुळींच नाहीं. त्याचें केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखें वांकलेलें, आणि देठाशीं काळसर मखमली वाटी. 'पळसाला पानें तीनच' ही म्हण मी मुलांना नेहमीं सांगे. परंतु पांगाऱ्याचें पानहि त्रिदलच असतें; तेव्हां केवळ म्हणीवरून झाड ओळखतां येत नाहीं.

या दिवसांत हीं झाडें बहुधा पर्णहीन असतात. पानें गळल्यानें पाण्याचा व्यय थांबतो, आणि फुलांचा रंग पक्ष्यांना दुरून दिसतो. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठीं येतात आणि पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात. आणखी खालीं कड्याच्या कपारींत धायटीचीं बारीक तांबडीं फुलें होतीं. वैद्य आसवें आंबविण्यासाठीं वापरतात तींच हीं. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनीं घमघमत होत्या.

लेण्यांपाशीं टेकल्यावर मीं त्या दिवसाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, बाकावर उभा होतों, म्हणूनच खिडकीबाहेरची सांवर मला प्रथम दिसली."

त्याचें मन मोठें. पण म्हणून माझी चूक लहान होत नाहीं. श्रोतेहो, आपल्या मुलानें एखाद्या झाडाचें नांव विचारलें आणि तें आपणांस ठाऊक नसलें, तर "मला माहीत नाहीं; चल, दोघे मिळून पाहूं," एवढेंच म्हणावें. आणि चैत्र सरण्यापूर्वीं त्याला घेऊन खरोखरच जावें.