मागे धृपद कोण धरणार?



वाचणाऱ्या माउलींनो, तुम्ही या मंडपात नाही, पण मी आज जो प्रश्न घेऊन उभा आहे तो तुमच्याही गावाचा आहे.

प्रश्न साधा आहे. तुमच्या देवळातली वीणा आत्ता कुठं आहे? कुणाच्या गळ्यात आहे, की खुंटीला आहे? खुंटीला असेल तर तिच्या गवसणीवरून एकदा बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली, तर आजचं निरूपण तुमच्यासाठीच आहे असं समजा.

2020 सालच्या मार्च महिन्यात देवळं बंद झाली. त्या वर्षीच्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. 2021च्या घटस्थापनेला देवळांची दारं उघडली, 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली. बाजार भरले, लग्नं लागली, जत्रा झाल्या. पण गावोगावी फिरताना मी बघतो, एकादशीचं भजन पुष्कळ ठिकाणी परत उभं राहिलंच नाही. ते बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. कसला ठरावही झाला नव्हता. माणसं थांबली, ती थांबलीच.

कारणं विचारली तर सगळीकडे तीनच सांगतात. एक, ज्यांना चाली येत होत्या ती म्हातारी माणसं गेली. दोन, पोरं कंपनीत कामाला. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी. तिसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, ते मी सांगतो. देवळावर कर्णा आहे. संध्याकाळी बटण दाबलं की हरिपाठ सुरू होतो. मग आपण घसा कशाला कोरडा करायचा? देवाला ऐकू जातंय ना, झालं! अहो, देवाला काय ऐकायचं राहिलंय महाराज? आपल्या मुखी नाम यावं म्हणून भजन आहे. दुसऱ्याला जेवताना बघून कुणाचं पोट भरलंय का आजवर?

म्हणा, विठ्ठल विठ्ठल!

आता मंडळ पुन्हा उभं करायचं म्हटलं की देवळात बैठक बसते, आणि पहिला प्रश्न येतो, गायला कोण? लगेच कुणीतरी सांगतो, पलीकडच्या तालुक्यात एक गवई आहे, आवाज काय सांगू! त्याला आणू. मी म्हणतो, थांबा. तुम्ही घर छपरापासून बांधायला घेतलंय.

भजनात माणसं कशी उभी राहतात ते डोळ्यांपुढे आणा. मध्ये वीणेकरी, जवळ मृदंगी, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या ओळी. गाणारा चरण म्हणतो. चरण संपला की सगळी ओळ धृपद उचलते. ओळ धृपद म्हणत असते तेवढ्या वेळात गाणारा काय करतो? श्वास घेतो. पुढचा चरण आठवतो. मागची ओळ कच्ची असेल तर चरणही त्यानंच म्हणायचा आणि धृपदही त्यानंच ओढायचं. केवढाही मोठा गवई असू दे, तिसऱ्या अभंगाला खाली बसेल. आणि मागची ओळ पक्की असेल, तर साध्या आवाजाचा शेतकरी गडी एकादशीचा जागर उजाडेपर्यंत ओढून नेतो. हे तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न हा विचारायचा: मागे धृपद कोण धरणार? त्याला गोड गळा लागत नाही, रागदारी लागत नाही. वेळेवर येणं लागतं आणि शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिळवणं लागतं.

तुकोबारायांच्या मागे 14 टाळकरी होते असं संप्रदाय सांगतो. त्यातले एक संताजी जगनाडे. कुठले? चाकणचे. धंदा काय? तेलाचा घाणा. आज तुमची पोरं चाकणच्या कंपनीत पाळी करतात आणि म्हणतात, भजनाला वेळ नाही. त्याच चाकणात एक माणूस घाणा सांभाळून तुकोबांच्या मागे धृपद धरत होता, आणि अभंग लिहूनही ठेवत होता. इंद्रायणीत वह्या बुडवल्या, तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. पण मध्ये जे 13 दिवस गेले, त्या दिवसांत अभंग कुठं होते? माझ्या मनाला वाटतं, टाळकऱ्यांच्या तोंडात होते. ज्यानं रोज धृपद धरलं, त्याच्या मुखातून अभंग कोण बुडवणार?

यातूनच पहिलं काम निघतं. गाथा छापली आहे, ज्ञानेश्वरी छापली आहे, पण चाल छापलेली नाही. तुमच्या गावात गौळण ज्या चालीत म्हणतात, ती दोन-चार म्हाताऱ्या गळ्यांतच शिल्लक असेल. ते गळे गेले की चाल गेली. नुसत्या शब्दांवरून ती परत यायची नाही. म्हणून येत्या रविवारी पोरांनो, एक करा. दिवसभर हातात असतो तो फोन घेऊन त्या आजोबांच्या ओसरीवर जा. ज्या आजी दळताना गायच्या त्यांच्यापाशी बसा. म्हणा, आजी, तुमच्याकडची चाल सांगा. ती भरून घ्या. पण फोनात ठेवून मोकळे होऊ नका, तिथंच बसून दोनदा मागे म्हणा. चुकलं तर आजी सांगेल. उद्या फोन कुणाला सांगणार?

दुसरं काम भांडणाचं. मंडळं कोरोनानं मोडली म्हणतात, पण काही आधीच आतून मोडलेली होती. गौळण कुणी म्हणायची? नारळ आधी कुणाला? वीणा त्याच्याच गळ्यात का? एवढ्यावरून सख्ख्या भावांनी टाळ खाली ठेवले आहेत. वारीत याला फार सुंदर उपाय आहे. आरफळच्या हैबतबाबांनी 19व्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तिच्यात तो जपलेला आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि शेकडो दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, टाळ शांत होतो आणि मग आरती होते. बघा हं, तक्रार करायची ती टाळ वाजवत करायची! टाळ खाली ठेवून, घरी बसून, चावडीवर बोलून नाही. तुमच्या मंडळात एवढा एकच नियम लावा. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं भजनाला येऊन ते सांगायचं, आणि ऐकून घेतल्याशिवाय आरती करायची नाही.

आता वर्षाची आखणी. एकदम सप्ताह करू म्हणाल तर पहिल्याच रात्री दम संपेल. आषाढीला सुरुवात करा. चातुर्मासाचे पहिले दोन महिने फक्त हरिपाठ. माउलींच्या हरिपाठाचे 27 अभंग, ते सगळ्यांना थोडेफार येतात, लहान मुलांनाही पावली टाकता येते. आणि कर्ण्याचं ते बटण त्या वेळेला बंद ठेवा! रोज जमत नसेल तर एक वार धरा. पण वार धरला की मग पाऊस, मॅच, पाहुणे, काहीही सांगायचं नाही. तिघं आले तर तिघांनी म्हणायचा.

मग एकादश्या धरा. वर्षाला 24, अधिक महिना आला तर 26. दर एकादशीला रूपाचे अभंग आणि एक नवी चाल, एवढंच. गोकुळाष्टमीला गौळणी आणि काला. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. रात्रपाळीवरून येणारा मुलगा काकड्याला देवळात थांबून मग घरी जाऊ शकतो. त्याची वेळ आपण ओळखायची. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा, फाल्गुनात तुकोबांची बीज आणि नाथषष्ठी. एवढं निभावलं की चैत्रात सप्ताहाचा विचार करा.

सप्ताहाचा हिशेब सोपा आहे. वीणा 7 दिवस खाली ठेवायची नाही. दिवसाचे 24 तास, एकाचा पहारा 2 तासांचा, म्हणजे 12 माणसं लागतात. गावात 12 माणसं मिळत नाहीत असं कोण म्हणेल? पण ती 12 माणसं पोस्टरवर फोटो छापून मिळत नाहीत. नऊ महिने हरिपाठाला उभी राहिलेलीच माणसं रात्री दोनच्या पहाऱ्याला उभी राहतात.

पैशाचंही बोलतो. मांडव मोठा, कर्णे मोठे, बाहेरून गायक, बाहेरून मृदंगी, आणि गावातली पोरं फक्त पंगतीला वाढायला! बिदागी देऊ नका असं मी कसं म्हणेन, मला पण घर आहे. (हशा) पण एका वर्षी कमान लहान करा. त्या पैशात जुन्या पखवाजाला नवी शाई भरून घ्या, टाळांचे चार जोड आणा आणि गावातल्या दोन मुलांना मृदंग शिकवायला पाठवा. डाव्या पुडीला कणीक किती लावायची हे कळायलाच काही महिने जातात, म्हणून आजच पाठवा. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच विचारानं, की गाणारा आणि सांगणारा माणूस घडवावा लागतो.

आणि आया-बहिणींबद्दल एक. दुपारी बायकांचं भजन, रात्री पुरुषांचं, हे चालू द्या. पण जिथं रात्रीला सहाच माणसं उरली आहेत, तिथं पंधरा बायका पायरीवर बसून मनातल्या मनात धृपद म्हणत असतात. त्यांना ओळीत घ्या. अभंग जनाबाईंचा, मुक्ताबाईंचा, बहिणाबाईंचा घ्यायचा आणि बाईच्या हातात टाळ द्यायला लाजायचं, हे कुठल्या संतानं सांगितलंय?

शेवटचं सांगतो, जरा मन घट्ट करून ऐका.

आपल्याकडे माळकरी माणूस गेला की त्याच्यापुढे भजन चालतं. टाळ-मृदंगाच्या गजरात त्याला गावाबाहेर पोचवतात. घरच्यांना रडायलाही त्या आवाजाचा आधार असतो. कोरोनाच्या दिवसांत किती माणसं तशीच गेली, आठवा. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात ज्यांनी धृपद धरलं, त्यांच्यापुढे एक टाळ वाजला नाही. तेव्हा बंदी होती, कुणाचा दोष नव्हता. पण आज बंदी नाही. उद्या तुमच्या आळीत कुणी गेलं तर चार टाळकरी मिळतील का? तिथं गवई बोलावता येत नाही, तारीख आधी ठरवता येत नाही. रात्री अकराला निरोप आला तर शेजारचा माणूसच टाळ घेऊन उठतो. तो उठावा, त्याला चाल यावी, त्याचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिळावा, यासाठी एकादशीला सराव लागतो. मंडळ उभं करायचं ते सप्ताहाच्या कमानीसाठी नाही, त्या रात्रीसाठी आहे.

तेव्हा मायबाप, कीर्तन संपल्यावर प्रसाद घ्या, आणि जाताना वीणेवरची गवसणी काढून जा. येत्या एकादशीला किती जण येणार, ते मला सांगू नका, एकमेकांना सांगा. वाचणाऱ्या माउलींनो, तुम्ही पुस्तक मिटवलं की शेजारच्या घरी जाऊन विचारा, हरिपाठाला येताय का? दोघं झालात तरी एक म्हणेल आणि एक मागे धरेल.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!
श्री ज्ञानदेव तुकाराम!