प्रवेशापूर्वी दोन शब्द



गरीब विद्यार्थ्यास हात देण्याची या करवीर नगरीची रीत जुनी आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 पासून येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. तेव्हा चिंता असे ती निवासाची व दोन घासांची. 1983 पासून महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि तीत शुल्काची भर पडली.

महाराजांच्याच नावाची शिष्यवृत्ती आज सरकार देते. खुल्या प्रवर्गातील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क मुलांना निम्मे व मुलींना पूर्ण तीतून मिळू शकते. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की हा लाभ गेलाच! आपल्यांतील काही घरांनी दागिने गहाण टाकून नेमकी अशीच जागा घेतली, आणि मग अर्जाची चौकशी करीत ती आम्हांकडे आली. त्या माउल्यांना काय सांगावे, हे आम्हांस सुचेना. दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. वेळीच सांगावयास आम्ही तरी कोठे गेलो होतो?

उरलेले शुल्क, पुस्तके व खाणावळ यांचा भार राहतोच. तरी बारावीची परीक्षा आटोपताच तहसीलदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढावा, आणि कोठेही पैसे भरण्यापूर्वी आम्हांस भेटावे. रविवारी मिस्सानंतर आम्ही चर्चच्या व्हरांड्यात बसलेले असू.