निरर्थक शब्दांचें एक गाणें

१९५७ सालीं ‘आशा’ नांवाचा एक हिंदी चित्रपट पडद्यावर आला. त्याचें कथानक आज फारसें कोणास आठवत नसेल. परंतु त्यांतील ‘ईना मीना डीका’ हें गाणें मात्र अद्यापि लहानथोरांच्या ओठांवर आहे. तें एकदां किशोरकुमार यांनीं गाइलें आणि एकदां आशा भोसले यांनीं. शब्दांना अर्थ नाहीं, साथीला तंबोरा नाहीं. उलट ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांचा एकच कल्लोळ! अशा गाण्यावर घरांतील मुलांनीं ताल धरावा आणि वडील मंडळींनीं कपाळाला आठ्या घालाव्या, यांत नवल कसलें? परंतु या आठ्या कितपत रास्त आहेत, याचा थोडा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, हें गाणें बांधणारा संगीतकार कोणी परका नव्हता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ सालीं त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांबें या गांवीं झाला. गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धन यांच्याजवळ त्यांनीं गायनाचे धडे घेतले. विनायकबुवांचा लौकिक तर विशेषेंकरून तराण्याबद्दल! तराण्यांतील ‘तोम’, ‘देरे’, ‘दीम’ या अक्षरांचा अर्थ विचारीत कोणी रसिक बसत नाहीं. अर्थाचें ओझें उतरलें म्हणजे लय मोकळी होते आणि गळा वाद्याप्रमाणें खेळूं लागतो, हें त्याला ठाऊक असतें. अमेरिकेंतील जॅझ संगीतांतहि असाच एक प्रकार आहे. त्यास ‘स्कॅट’ म्हणतात. १९२६ सालच्या लुई आर्मस्ट्राँगच्या एका ध्वनिमुद्रिकेनें तो लोकप्रिय केला. तराणा आणि स्कॅट यांचा वंश निराळा, घाट निराळा. तरी दोहोंचें मर्म एकच. तराण्याला मान डोलावणाऱ्यानें ‘ईना मीना डीका’ला केवळ अर्थ नाहीं म्हणून नाक मुरडणें न्यायाचें होत नाहीं.

या शब्दांची जन्मकथाहि गमतीची सांगतात. चाल बांधण्याचें काम चालूं असतां बाहेर मुलें खेळत होतीं. राज्य कोणावर, हें ठरविण्यासाठीं इंग्रजी शाळांतील मुलें जी अक्षरें मोजतात, तीं कानांवर पडलीं आणि त्यांवरून हे शब्द सुचले. साहाय्यक जॉन गोम्स हे गोमंतकीय. त्यांनीं ‘मला नको’ अशा अर्थाच्या कोंकणी शब्दांची त्यांत भर घातली. राजेंद्र कृष्ण यांच्या हिंदी गीतांत अशा रीतीनें इंग्रजी खेळ आणि कोंकणी बोली एकत्र नांदूं लागल्या.

हे गोमंतकीय वादक चित्रपटसृष्टींत आले कसे? पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलेखन शिकविण्यांत येई. ही विद्या घेऊन शेंकडों तरुण पोटासाठीं मुंबईस आले. १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलांत वाजला आणि जॅझचें वारें मुंबईंत वाहूं लागलें. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा तरुण ‘चिक चॉकोलेट’ या नांवानें इतका गाजला कीं, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. पुढें तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांतील ट्रंपेट आणि बोंगो यांच्या थाटामागें ही सारी परंपरा उभी आहे.

दोन संगीतांचा हा मेळ घालणें सोपें मात्र नव्हे. हिंदुस्थानी संगीत एका स्वरावलीच्या विस्तारावर उभें असतें. षड्ज स्थिर ठेवून गायक एकेका स्वराचें रूप उलगडीत जातो. पाश्चात्य संगीतांत अनेक स्वर एकाच वेळीं वाजतात आणि त्यांच्या बदलत्या मेळांतून गति निर्माण होते. वीस-तीस वादकांना एकत्र वाजवावयाचें, तर प्रत्येकाचा भाग आधीं कागदावर लिहावा लागतो. संगीतकारानें पेटीवर चाल सांगावी आणि लेखनकुशल साहाय्यकानें ती वाद्यांत वांटून द्यावी, अशी पद्धत त्यामुळें पडली. यांत कांहीं गमवावेंहि लागतें. स्वर ठराविक जागीं खिळले म्हणजे मींड आणि आंदोलन यांना अवकाश उरत नाहीं. वडील मंडळींची ही तक्रार खोटी नाहीं. परंतु जाणता संगीतकार कोठें काय सोडावें, हें ओळखतो. ज्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’चा जल्लोष आहे, त्याच चित्रपटांत पिलूच्या छायेंतील एक अंगाईगीतहि आहे, आणि तेथें ट्रंपेट गप्प आहे.

शिवाय, पाश्चात्य वाद्य म्हटलें कीं तें त्याज्य, असें मराठी माणसानें तरी म्हणूं नये. ज्या नाट्यसंगीताचा आपल्याला अभिमान, त्याची साथ ऑर्गननें केली. पण नव्याची धास्ती मोठी असते. १९५२ सालापासून कांहीं वर्षें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं होतीं. तेव्हां श्रोत्यांनीं रेडिओची खुंटी फिरवून सिलोन केंद्र गांठलें. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत ‘विविधभारती’ सुरू झाली. ‘ईना मीना डीका’ही त्याच सालचें.

उरतो एक प्रश्न, आणि तो आठ्यांपेक्षां गंभीर आहे. हीं गाणीं ज्यांच्या फुंकरीनें आणि गजानें उभीं राहिलीं, त्या वादकांचीं नांवें ध्वनिमुद्रिकांवर क्वचितच छापलीं गेलीं. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. व्हायोलिनवादक, वाद्यवृंदरचनाकार आणि अनेकांचे गुरु. १९५८ सालीं त्यांनीं मुंबईंत मोठा वाद्यवृंद जमवून राग आणि स्वरमेळ यांची सांगड घालणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. परंतु त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें तें १९७७ सालीं, प्यारेलाल या त्यांच्या शिष्यानें एका विनोदी चित्रपटगीतांत तें गुंफलें तेव्हां. आणि तें गुणगुणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तो खराच माणूस आहे, याची कल्पना नव्हती.

गाणें आपलें कीं परकें, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा. पुढच्या वेळीं ‘ईना मीना डीका’ कानांवर येईल तेव्हां गायकाच्या आवाजामागें क्षणभर लक्ष द्यावें. पुणतांब्याचा एक मराठी गवई आणि गोव्याच्या चर्चमध्यें सूर शिकलेलीं मुलें तेथें एकाच लयींत चाललेलीं ऐकूं येतील. त्यांची ओळख ठेवणें, एवढें तरी श्रोत्यांच्या हातीं आहे.