उंबरठ्यावरून मागे फिरा



आमच्या थोरल्या बंधूंच्या पायात शेतात बाभळीचा काटा मोडला. महिना झाला तरी जखम भरेना. तपासणीत मधुमेह निघाला आणि अखेर पायाचा अंगठा काढावा लागला. "मला कधी काही जाणवलंच नाही रे," असे दादा पुन्हा पुन्हा म्हणत. मग मीही रक्त तपासून घेतले. उपाशीपोटी साखर निघाली ११४. मी अंगाने किडकिडीत; माझा विश्वासच बसेना!

डॉक्टर म्हणाले, "सर, हा मधुमेह नव्हे, पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर आहात."

हा उंबरठा म्हणजे काय? उपाशीपोटी रक्तातील साखर १०० च्या आत असावी. ती १२६ किंवा त्यावर गेली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर तो मधुमेह. मधली १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. शरीरात इन्शुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणून साखर रक्तात रेंगाळते. दुखत नाही, खुपत नाही. आपल्या देशात असे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिला आहे.

बारीक माणसाला कसली भीती, असे कुणी म्हणेल. पण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपल्याकडची माणसे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी अधिक असू शकते. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजा. तो पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

आता उपाय. भारतात अशाच उंबरठ्यावरील लोकांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह जडला. नेमाने चालणाऱ्या आणि आहार सांभाळणाऱ्या गटात ३९ जणांना. म्हणजे धोका सर्वस्वी टळत नाही, पण बराच कमी होतो.

मी रोज अर्धा तास झपझप चालू लागलो. ताटातला भात निम्मा केला. उसळ, पालेभाजी वाढवली. चहातली साखर सोडली. "गूळ चालतो" असे सांगणारे भेटले. पण गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. शेतकरी बंधू म्हणतील, आम्हांला वेगळे चालायला कशाला हवे? खरे आहे, पण आता मोटारसायकल थेट बांधापर्यंत जाते, नाही का?

शिक्षक मित्रांनो, पालकसभेत एवढे जरूर सांगा: तिशी ओलांडली, घरात कुणाला मधुमेह आहे, तर आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या.

आता संध्याकाळ झाली की दादाच दारातून हाक मारतात, "चल रे, निघायचं ना?" आणि मी चपला घालतो.